वाचकांचे प्रश्न : हुंझाचे मीर

प्रश्न : माझगावच्या हसनाबादेत ज्यांची कबर आहे ते आगाखान हुंझाचे राजे होते, असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : नाही. मुंबईत ही गल्लत नेहमी होते. पहिले आगाखान हसन अली शाह (मृत्यू १८८१) हे शिया मुसलमानांतल्या इस्माइली पंथाचे इमाम, म्हणजे धर्मप्रमुख. हुंझा म्हणजे काश्मीरच्या उत्तरेला, काराकोरमच्या डोंगरातलं छोटं संस्थान. त्याची गादी त्यांची कधीच नव्हती. हुंझाचा राजा म्हणजे मीर, तिथल्या बुरुशस्की भाषेत ‘थम’. गादी एकाच घराण्यातली, पण वारसा शांतपणे मिळेलच याचा भरवसा नसे. १८८६ साली सफदर अलीने बापाला, गझन खानाला मारून ती घेतली. हे घराणं इस्माइली झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बदख्शानच्या (आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरचा मुलूख) पीरांमुळे. मुंबईशी त्याचा काही संबंध नव्हता. तो जुळला फार उशिरा. तिसऱ्या आगाखानांनी पाठवलेले पीर सबजअली १९२३ मध्ये तिकडे गेले, मग जमातखाने (इस्माइलींची प्रार्थनास्थळं) उभे राहू लागले. तेव्हा नातं उलटं धरा : मीर हाच आगाखानांचा मुरीद, म्हणजे अनुयायी.

प्रश्न : एवढ्याशा खोऱ्यावर इंग्रजांनी फौज का नेली? आणि जिंकूनही ते खालसा का केलं नाही? (इतिहासाच्या प्राध्यापिका, दादर)

उत्तर : कारणं दोन. हुंझाच्या टोळ्या शिमशाल खिंडीतून उतरून लेह ते चिनी तुर्कस्तानातलं यारकंद या वाटेवरचे काफिले लुटत. आणि १८८८ मध्ये रशियन अधिकारी ग्रोम्बचेव्स्की थेट हुंझात येऊन गेला. सरकारची झोप खऱ्या अर्थाने उडवली ती दुसऱ्या कारणाने, रशिया सरहद्दीला येऊन भिडेल या धास्तीने. १८८९ मध्ये गिलगिट एजन्सी, म्हणजे या सरहद्दीवरचं इंग्रजांचं राजकीय ठाणं, पुन्हा सुरू झाली, कर्नल ड्युरंड एजंट झाला. २ डिसेंबर १८९१ रोजी निल्ट किल्ल्याचा दरवाजा कॅप्टन एल्मरने सुरुंगाने उडवला, किल्ला पडला. पण पलीकडच्या खोल घळीने फौज अडीच आठवडे अडवून धरली. अखेर २० तारखेला मॅनर्स-स्मिथ हा इंग्रज अधिकारी निवडक गुरखे आणि डोगरे घेऊन उभा कडा चढला, तेव्हा फळी फुटली. बचाव करणारे शिशात गार्नेटचे (एक रत्न) खडे घालून गोळ्या ओतत. तसलीच एक ड्युरंडला लागली.

सफदर अली चिनी मुलखात पळाला. १८९२ मध्ये त्याचा सावत्र भाऊ नाझिम खान गादीवर बसवला, तो १९३८ पर्यंत राहिला. खालसा न करण्यामागे उदारपणा शोधू नये. काश्मीरहून येणारी रसद बुर्झिल खिंडीतून यायची आणि ती हिवाळ्यात बर्फाने बंद. कायमच्या ठाण्यापेक्षा मीरला सालाना तनखा देणं स्वस्त पडे. वर काश्मीरच्या महाराजांचं नाममात्र अधिपत्य होतंच. गंमत म्हणजे नाझिम खानाच्या गादीग्रहणाला चिनी अधिकारीही हजर होते, आणि त्यानंतरही चिनी तुर्कस्तानातल्या काशगरला सोन्याची भुकटी नजराणा म्हणून जात राहिली. बदल्यात रेशीम वगैरे येई. शिवाय चिनी हद्दीतल्या तघदुंबाश पामीरमधल्या हुंझाच्या गुरचराईचा दावा याच संबंधावर उभा होता. इंग्रजांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सगळं बंद करायला लावलं.

प्रश्न : मीरशाही संपली केव्हा?

उत्तर : १९७४ मध्ये, भुट्टो सरकारने हुंझा संस्थान रद्द केलं तेव्हा. शेवटचे मीर जमाल खान. नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय त्यांचाच.

प्रश्न : शोधनिबंधासाठी कागदपत्रं मुंबईत मिळतील का? (विद्यार्थी, कलिना)

उत्तर : एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात फार आशा ठेवू नका; तिथे मुख्यतः मुंबई सरकारचं दफ्तर. हुंझाचा पत्रव्यवहार गिलगिटच्या पोलिटिकल एजंटकडून काश्मीरच्या रेसिडेंटकडे आणि तिथून हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे जाई. म्हणून दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार गाठा. शोधताना नुसतं ‘हुंझा’ घातलंत तर बरंच निसटेल. ‘कंजूत’ (हुंझाचंच दुसरं नाव), ‘हुंझा-नगर’ आणि ‘गिलगिट एजन्सी’ हेही पाहा. नगर मात्र वेगळं संस्थान, नदीपलीकडचं, बारा इमामी शिया. त्याचा मीर वेगळा. दोन्ही मीरांची पत्रं एकाच फाइलीत भेटतात, तेव्हा आधी सही कोणाची ते वाचा. आणखी एक फसगत १९३५च्या भाडेपट्ट्याची. इंग्रजांनी काश्मीरच्या महाराजांकडून साठ वर्षांसाठी घेतलेल्या गिलगिटच्या त्या मुलखात हुंझा नव्हतं, त्यामुळे त्या फाइलीतले महसुलाचे आकडे हुंझाला लावू नयेत. मुंबईत हाती लागेल ते १८६६चं खोजा खटल्यातलं (खोजा जमातीवर आगाखानांचा अधिकार आहे का, हा वाद) न्यायमूर्ती आर्नोल्ड यांचं निकालपत्र. मीरांबद्दल नव्हे, पण आगाखानांचा इमाम म्हणून अधिकार कोर्टाने कसा मानला हे त्यातून नीट कळतं.