शाळेत शिकवत नाहीत, मुलांनाच शोधायला लावतात

"मॅडम, शाळेत आता शिकवतच नाहीत. मुलांनाच म्हणतात, शोधा." गेल्या काही वर्षांत हे वाक्य माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या पालकांच्या तोंडून मी इतकं ऐकलंय की त्यामागून काय येणार हेही ठाऊक झालंय: "मुलगी खूश आहे हो, पण मार्क बघा जरा."

सांगलीच्या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला सानिका म्हणू. वडिलांचं शेतीपंपांचं दुकान, आई सहकारी बँकेत. सहावीपर्यंत विज्ञानाच्या घटक चाचणीत सानिकाचे २० पैकी १७-१८ ठरलेले. सातवीत विज्ञान आणि गणिताला नव्या बाई आल्या. त्या फळ्यावर व्याख्या लिहून देत नाहीत, आधी गटात प्रयोग करायला लावतात, पदार्थ हाताळायला देतात, "तुम्हाला काय दिसलं ते सांगा" म्हणतात. सानिका जेवताना विज्ञानाबद्दल बोलायला लागली, हे आईला जाणवलं होतं. आणि पहिल्या चाचणीत विज्ञानात ११, गणितात १०.

वडिलांनी क्लासची चौकशी करून ठेवली होती. तिथे प्रश्नोत्तरं छापूनच देतात, पाठ केली की झालं. आईला ते पटत नव्हतं, पण ११ हा आकडाही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. "मुलीवर प्रयोग चाललेत का?" हा त्यांचा खरा प्रश्न होता. माझ्या मते तो अगदी रास्त आहे. पालकांनी तो विचारायलाच हवा.

सानिकाशी मी एकटीशी बोलले. मुलगी घाबरलेली नव्हती, मार्कांचं वाईट वाटलं होतं एवढंच. कुठे मार्क गेले विचारलं तर म्हणाली, "दोलकाच्या प्रश्नात. पण माझं उत्तर बरोबर होतं, आम्ही स्वतः करून बघितलं होतं."

मग दाखव म्हटलं. सुतळी होती, एक छोटं कुलूप होतं, तिच्या कंपासपेटीत खोडरबर होता. तिने खोडरबर वीतभर दोरीला बांधला आणि कुलूप जवळजवळ मीटरभर दोरीला, वर्गात गटाने केलं होतं अगदी तसंच. खिडकीच्या गजाला एकेक लटकवून मोबाइलवर वेळ लावली. खोडरबराच्या दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागले, कुलपाच्या दहा झोक्यांना २०. "बघा! जड असलं की झोका हळू जातो." चाचणीतही तिने हेच लिहिलं होतं, कारणासकट.

मी एवढंच म्हटलं, "आता कुलूप त्या आखूड दोरीला बांध." तिने बांधलं, मोजलं. पुन्हा १०. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून तिने परत मोजलं. मग मी न सांगताच खोडरबर लांब दोरीला बांधला. २०. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणजे दोरीमुळे. वजनाचा काही संबंधच नाही." आणि लगेच, "मग आमच्या वहीत सगळ्यांनी चूक लिहिलंय?"

वही बघितली. प्रयोगाखाली बाईंची सही होती. शेवटी वर्गात यावर बोलणं झालं नाही का, विचारलं तर म्हणाली, तेवढ्यात बेल झाली.

सानिकाचे मार्क गेले ते या जागी. मुलीची बुद्धी कमी पडली नव्हती, पद्धतही टाकाऊ नव्हती. वजन आणि लांबी दोन्ही एकदम बदलली की फरक कशामुळे पडला ते कळूच शकत नाही, ही गोष्ट त्या गटाला कुणी सांगितली नव्हती आणि बारा वर्षांच्या मुलांना ती आपोआप सुचेलच असं नाही. या बाबतीत एक नेमका अभ्यास आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड क्लार आणि त्यांच्या सहकारी मिलेना निगम यांनी २००४ साली तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला देऊन पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ज्या मुलांना उदाहरणांतून शिकवलं त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ते जमलं. ज्यांना नुसतं करून बघायला सोडलं त्यांच्यातल्या सुमारे चौथाई मुलांनाच जमलं. मात्र ज्यांना जमलं, ती कुठल्याही वाटेने आलेली असोत, पुढच्या परीक्षेत सारखीच ठरली.

हे सांगितल्यावर सानिकाचे वडील खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय. शिकवायलाच पाहिजे."

त्यांचं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं समजावायला मी त्यांना सानिकाची सहावीची वही आणायला सांगितली होती. क्षेत्रफळ आणि परिमिती या धड्यात तिला पैकीच्या पैकी होते. मी तिला विचारलं, "बाबांच्या दुकानासमोर तारेचं कुंपण घालायचंय आणि आत फरशी बसवायचीय. तार किती लागेल ते कशावरून काढशील, आणि फरशी कशावरून?" सूत्रं दोन्ही धडाधड म्हणाली. पण कुठलं कुठे लावायचं यात अडली, एकदा उलटं सांगितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून बदललं. वडील हे ऐकत होते. सहावीतले पैकीच्या पैकी आणि सातवीतले ११, दोन्ही आकडे पालकांना वाटतात तेवढं सांगत नाहीत. आधीच्या पद्धतीत उत्तर होतं पण समज पातळ होती. आताच्या पद्धतीत कुतूहल भरपूर होतं पण ते योग्य उत्तरापर्यंत नेऊन पोचवलं जात नव्हतं.

शोधातून शिकणं ही कुठल्या एका शाळेची लहर नाही. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची बाजू मांडली, तेव्हापासून जगभर यावर वाद चाललाय. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमातच कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणं अपेक्षित धरलंय. पण वादाचा निकाल पालकांना कळायला हवा, आणि तो बराच स्पष्ट आहे. २०११ साली अल्फिएरी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यास एकत्र करून तपासले. मुलांना कुठलीही मदत न देता सोडून दिलं तर ती थेट शिकवलेल्या मुलांच्या मागे पडतात. तोच शोध शिक्षकाच्या मदतीने झाला, म्हणजे वाटेत प्रश्न विचारले, नमुना दाखवला, मुलांकडून कारण वदवून घेतलं, तर ती इतर पद्धतींनी शिकणाऱ्यांच्या पुढे जातात.

"मग आधीच सांगून टाकलं तर काय बिघडतं?" हा वडिलांचा पुढचा प्रश्न. सिंगापूरच्या शाळांमध्ये मनू कपूर या संशोधकांनी गणितात नेमकं हेच तपासलंय. एका गटाला आधी शिकवलं, मग उदाहरणं दिली. दुसऱ्या गटाला आधी अवघड उदाहरणाशी झुंजू दिलं, चुकू दिलं, आणि मग शिकवलं. रीत वापरण्यात दोन्ही गट सारखेच राहिले, पण संकल्पना समजण्यात दुसरा गट सरस ठरला. दुसऱ्या गटालाही शेवटी शिकवलंच, हे मी वडिलांना दोनदा सांगितलं. शिकवणं गळालं की ती पद्धत उरतच नाही.

पालकांच्या संमतीने मी बाईंना भेटले. मन लावून काम करणारी तरुण शिक्षिका. वर्गात ४५ मुलं, तास ४० मिनिटांचा, साहित्य वाटण्या-गोळा करण्यातच वेळ जायचा. त्यांच्या परवानगीने एका तासाला मागच्या बाकावर बसले. वर्ग गजबजलेला होता, बाहेरून कुणी पाहिलं असतं तर मुलं किती रमलीत म्हणून खूश झालं असतं. माझ्यासमोरच्या गटात सहा मुलं होती. दोघं मोजत होती, एक लिहीत होता, एक मुलगी साहित्य धरून उभी होती आणि दोघं पुढच्या गटाशी बोलत होती. साहित्य धरणाऱ्या मुलीला हळूच विचारलं, काय बघताय? "माहीत नाही, मला हे धरायला सांगितलंय."

हात गुंतलेले असले म्हणजे डोकं गुंतलेलं असतंच असं नाही. पालकसभेत प्रयोगांचे फोटो दाखवले जातात, त्यात हे दिसत नाही. सानिका मोजणाऱ्यांपैकी होती म्हणून तिला निदान चुकीचा का होईना, निष्कर्ष तरी मिळाला होता.

बाईंनी बदल केले, ते त्यांनीच सुचवलेले. आठवड्याला दोनऐवजी एकच प्रयोग. सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपल्या वहीत अंदाज लिहायचा, कारणासह. शेवटची १२ मिनिटं हात थांबवून फळ्यापाशी: कुणाला काय मिळालं, कुणाचं का वेगळं आलं, आणि मग बाईंच्या तोंडून नेमकी संज्ञा, नेमकं विधान, जे सगळ्यांनी वहीत उतरवायचं. सोपं वाटतं, पण त्या १२ मिनिटांसाठी घड्याळाकडे लक्ष ठेवणं सोपं नसतं हे त्यांनी प्रांजळपणे सांगितलं.

एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. चाचणीचा पेपर अजूनही "व्याख्या लिहा" आणि "रिकाम्या जागा भरा" याच वळणाचा होता. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ असा तीस वर्षं चालला, सरकारी शाळांत मुलं प्रयोग करून विज्ञान शिकली. तिथल्या लोकांनी परीक्षाही बदलली होती. मुलं पुस्तक-वही घेऊन पेपर लिहायची आणि प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवायची. शिकवणं एका तऱ्हेचं आणि मोजमाप दुसऱ्या तऱ्हेचं असलं की मार्क पडणारच, आणि त्याची शिक्षा मुलाने भोगायची हे मला अन्याय्य वाटतं. सानिकाच्या शाळेत हा मुद्दा पालकसभेत वडिलांनीच मांडला. पुढच्या चाचणीत निरीक्षणावर आधारित पाच मार्कांचा प्रश्न आला.

घरी काय करायचं, हे आईने विचारलं होतं. "आज काय शिकवलं?" याऐवजी "आज काय करून बघितलं आणि शेवटी काय ठरलं?" असं विचारा, म्हटलं. "शेवटी काय ठरलं" याचं उत्तर दोन-तीन दिवस लागोपाठ आलं नाही, तर मुलीला रागावू नका, सरळ बाईंना विचारा. पुस्तकातला तो भाग प्रयोगानंतर त्याच दिवशी वाचून घ्यायचा. तयार प्रश्नोत्तरांचा क्लास नको म्हटलं, कारण उत्तर आधीच पाठ असलं की वर्गात शोधायला काही उरत नाही, आणि मूल दोन्हीकडून कोरडं राहतं. वडिलांनी क्लासचा बेत रद्द केला, पण शाळा बदलण्याचा विचार वर्ष संपेपर्यंत बाजूला ठेवतो, सोडत नाही, असं म्हणाले. तेही ठीकच.

दुसऱ्या चाचणीत विज्ञानात १५ आले. गणितात ११, म्हणजे जवळपास तिथेच. गणिताची वही उघडल्यावर कारण दिसलं: तिला अपूर्णांकांची बेरीज पक्की येत नव्हती आणि १३ च्या पुढचे पाढे अडखळत होते. पाया कच्चा असताना मुलाला आकड्यांतला नमुना (पॅटर्न) शोधायला लावला की सगळी शक्ती आकडेमोडीतच खर्च होते, नमुना दिसायला डोक्यात जागाच राहत नाही. इथे शोधाचा उपयोग नाही. इथे आधी समजावून सांगणं आणि मग सराव हवा. आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं दुकानाच्या गल्ल्यामागे बसून बाबा आणि ती अपूर्णांक सोडवतात. सानिकाला ते मुळीच आवडत नाही, तसं ती मला स्पष्ट सांगते. परीक्षेपर्यंत ते थांबवायचं नाही, असं आम्ही तिच्याशी बोलूनच ठरवलंय.