दोरा ओवेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा

प्रश्न : एका शिंप्याच्या दिवसावर पाच मिनिटांचा माहितीपट करतो आहे. दोन तासांचं चित्रण झालंय, पण संकलनाला बसलं की सगळं तुटक दिसतं. आणि एखादी कृती त्यांना पुन्हा करायला लावणं ही फसवणूक ठरते का?

उत्तर : तुटक दिसण्याचं कारण बहुधा एकच : कॅमेरा लवकर बंद केला जातो. शिंपी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करतो, चिमटीत पिळतो, सुई उजेडाकडे धरतो, एकदा चुकतो, मग ओवतो. ते चुकणंच मोलाचं, आणि चार सेकंदांच्या शॉटमध्ये नेमकं तेच निसटतं. कृतीच्या आधी पाच सेकंद कॅमेरा सुरू करा, संपल्यावर पाच सेकंद चालू राहू द्या.

सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातले फ्रेंच चित्रकार लुमिएर बंधू यांच्या १८९५च्या कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटर फिल्म मावायची, म्हणजे जेमतेम ५० सेकंद. कारखान्यातून कामगार बाहेर पडतात ते दृश्य तेवढ्यात बसवावं लागे. तीच शिस्त सरावाला घ्या : ट्रायपॉड, ५० सेकंद, एक पुरी कृती. मग तीच कृती तीनदा टिपा : आधी सगळी जागा, मग हात, मग चेहरा. हात हलत असतानाच कट मारा, म्हणजे जोड डोळ्यांना खुपत नाही.

निम्मा तुटकपणा मात्र आवाजाचा असतो. सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा आणि तो सगळ्या कटांखालून सलग सोडा. मशीन चालू असताना मुलाखत घेऊ नका. बोलणं मध्येच कापलं की मशीनची घरघरही तुटते. माइक तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आत हवा. ट्यूबलाइटखाली पट्टे दिसले तर शटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवा : ५० हर्ट्झला १/५० सेकंद, ६० हर्ट्झला १/६० सेकंद.

आता फसवणुकीचं. कामगारांचं ते दृश्यही तीनदा चित्रित झालं होतं. अमेरिकन दिग्दर्शक फ्लाहर्टींनी १९२२च्या 'नानूक' या इनुइट शिकाऱ्यावरच्या माहितीपटात आतल्या चित्रणाला उजेड मिळावा म्हणून इग्लूची (बर्फाच्या घराची) एक बाजू उघडी ठेवली. ते आम्हाला गैर वाटत नाही. पण त्याच माहितीपटात, बंदुका वापरात असताना जुन्या भाल्याची शिकार 'आजची' म्हणून दाखवली, ते गैरच. शिंपी रोज करतो ते पुन्हा करायला सांगा. त्याने सोडून दिलेलं काम करून घेतलंत, तर निवेदनात तसं स्पष्ट सांगा.