न कसण्याचे पैसे, आणि कसण्याचेही

प्रश्न : अमेरिकेत मृदा व जलसंधारणासाठी सरकार शेतकऱ्यांना आणि फळबागायतदारांना अनुदान देते, इतकेच नव्हे तर काही जमीन न कसण्याचेही पैसे देते, असे वाचनात आले. स्वतःची जमीन राखणे हे ज्याचे त्याचे काम असताना त्यावर करदात्यांचा पैसा का खर्च व्हावा? आणि पैसे घेऊन कामच केले नाही, तर?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निराळ्या योजना एकत्र आल्या आहेत. न कसण्याचा मोबदला देणारी योजना १९८५ च्या शेती कायद्यातून आली. धूप होणारी किंवा ओढ्याकाठची जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवताखाली अथवा झाडांखाली ठेवायची आणि सरकारने तिचे वार्षिक भाडे द्यायचे, असा तो व्यवहार आहे. फळबागायतदाराचा संबंध अधिक करून १९९६ च्या दुसऱ्या योजनेशी येतो. तीत जमीन कसतच राहायची असते. बदलायची असते ती कसण्याची रीत. झाडांच्या ओळींमध्ये आच्छादन पीक घेणे, ठिबक बसवणे, बांधावर फुलणारी झुडपे लावून मधमाश्यांना थारा देणे, किडीची संख्या पाहून मगच फवारणी करणे, अशी कामे तीत बसतात.

या दुसऱ्या योजनेत पैसे बहुतेकांना आधी मिळत नाहीत. काम ठरलेल्या निकषांप्रमाणे पुरे झाल्याची खातरजमा झाल्यावर अंदाजित खर्चाच्या साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. नवख्या किंवा अल्प साधनांच्या शेतकऱ्यांसाठी ही मर्यादा ९० टक्के असून त्यांना काही रक्कम आगाऊही घेता येते. करार मोडल्यास घेतलेले पैसे परत करावे लागतात. मंजुरीपूर्वीच काम सुरू केले, तर त्या कामाचे अनुदान सहसा मिळत नाही. म्हणजे ज्याने आपणहून, कोणाची वाट न पाहता बाग सुधारली, तोच कोरडा राहतो. ही उणीव भरून काढायला पुढे वेगळी योजना आणावी लागली, तरी माझ्या मते हा दोष पुरता गेलेला नाही.

करदात्याने का द्यावे, याचे उत्तर १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांत आहे. मैदानी प्रदेशातील नांगरलेली माती मे १९३४ मध्ये उडून पूर्व किनाऱ्यावरील शहरांपर्यंत पोचली, आणि १९३५ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदासंधारणाचे स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले. शेतातून सुटलेली माती शेतकऱ्याच्या बांधाशी थांबत नाही. मिसिसिपीच्या खोऱ्यातील खतांचा नायट्रोजन वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखातात प्राणवायूचा तुटवडा निर्माण करतो, तसेच हे आहे. आवर घालण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसायचा आणि लाभ मात्र खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी घ्यायचा, हे फार काळ चालत नाही.

आपल्या शंकेत तथ्य आहे, पण ते निराळ्या जागी. काम न करता पैसे खाण्यापेक्षा मोठी अडचण करार संपल्यावर येते. भाड्याने गवताखाली ठेवलेली जमीन २००७ मध्ये सुमारे ३.७ कोटी एकर होती. पुढच्या दहा वर्षांत ती २.४ कोटींच्या आसपास आली. योजनेत एकूण किती जमीन घ्यायची याची मर्यादा कायद्याने खाली आणली हे खरे, परंतु मध्यंतरी मक्याचे भाव चढले, आणि सरकारी भाड्यापेक्षा नांगर अधिक कमावतो असे दिसताच पुष्कळांनी करार वाढवले नाहीत.