क्षार म्हणजे बेस की सॉल्ट?

प्रश्न असा आहे: 'नीटची तयारी करतेय. व्हिडिओतले सर क्षार म्हणजे बेस म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मात्र क्षार म्हणजे सॉल्ट होतं. खरं काय?'

मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. बेसला आम्लारी, आम्लाचा अरी म्हणजे शत्रू. तुझे सर हिंदीतून शिकवत असणार. तिथे सॉल्टला लवण, बेसला क्षारक आणि अल्कलीला, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या बेसला, क्षार म्हणतात, आणि हिंदीपुरतं ते बरोबरच आहे. संताप येतो तो हिंदी नोट्स जशाच्या तशा मराठीत उतरवणाऱ्यांचा. 'दुर्बल आम्ल व प्रबल क्षार यांपासून बनलेला क्षार' यातून पोरांनी काय समजायचं?

आता मूळ शब्द. सुश्रुत म्हणतो, 'क्षरणात् क्षणनाद् वा क्षारः': झिजवतो किंवा मारतो म्हणून क्षार. वैद्यमंडळी हेच प्रमाण धरतात. मला ही व्युत्पत्ती गुण पाहून मागाहून बसवलेली वाटते. 'क्षै' म्हणजे जळणे, या धातूकडे बोट दाखवणारे भाषाशास्त्रज्ञच बरोबर आहेत, आणि त्याचा पुरावा खुद्द सुश्रुताच्या क्षार बनवण्याच्या कृतीत सापडतो. झाडं जाळायची, राख सहापट पाण्यात कालवायची, २१ वेळा गाळायची, मग आटवायची. अरबी 'अल्-कली' हाही राखेचाच शब्द! आणि त्या राखेच्या पाण्यात असतं मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. रचनेने ते सॉल्टच. पण कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो, हायड्रॉक्साइड आयन वाढतात, आणि २५ अंश सेल्सिअसला सामू (pH) ७ च्या वर जातो. तुझ्या आयनिक समतोलाच्या धड्यातलं जलापघटन ते हेच. म्हणजे क्षाराचे दोन्ही अर्थ एकाच पदार्थात होते. हिंदीने त्याचा गुण उचलला, आपण जात उचलली. बोलीत तर दोन्ही टिकलेत: पापडखारातला खार आम्लारिधर्मी, लोणच्याचा खार मिठाचा.

सुश्रुताची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आग पाण्याने विझावी तसा क्षाराचा तीक्ष्णपणा आम्लाने शमतो, असं तो स्पष्ट लिहितो. हे उदासिनीकरणच, फक्त रसांच्या, म्हणजे चवींच्या, भाषेत. हे वैर आपल्या 'आम्लारी' या शब्दात जसंच्या तसं आहे. म्हणूनच 'आम्लारी जड वाटतो, क्षारक घ्या' असं सुचवणाऱ्यांचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. मराठीत क्षारक घेतला की सॉल्टचा क्षार आणि बेसचा क्षारक यांत फरक उरतो तो एका 'क'चा, आणि तीन तासांच्या पेपरात तो 'क' कोणाच्या नजरेतून निसटणार नाही?