बारावीनंतर सायकॉलॉजी, ख्रिश्चन युनिव्हर्सिटी अन् घरच्यांची काळजी

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीला बारावीनंतर सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी करायचंय, बंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरायचाय, पण घरात आजी अन् काका म्हणतायत तिथे धर्म बदलायला लावतील. मी अशाच एका ख्रिश्चन संस्थेत शिकलेय, आता नाशिकमध्येच शाळेत काउन्सिलर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्राइस्ट हे कॅथलिक फादर लोकांनी 1969 ला काढलेलं कॉलेज, 2008 ला डीम्ड युनिव्हर्सिटी झालं, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात बसतं. अन् घटनेचं कलम 28 आहे ना, त्यानुसार सरकारमान्य संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. काकांना हे दाखवा. त्यांची काळजी अगदीच हवेतली नाहीये, आपल्याच नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं आणि ख्रिस्ती धर्मही दिला, त्यातला जेकब वेनराइट तर 1874 ला आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन पार लंडनला गेला. पण तो काळ वेगळा, आजच्या युनिव्हर्सिटीत वेगवेगळ्या धर्मांची मुलं असतात. आमच्या कॉलेजात चॅपल (प्रार्थनागृह) होतं, ख्रिसमस जोरात व्हायचा, मूल्यशिक्षणाचा तास असायचा, अन् वस्तीत जाऊन काम करण्यावर फार भर. मला तरी ते शेवटचं सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

खरं बघायचं ते हे की तिथला डिपार्टमेंट धर्माकडे मोकळेपणाने, अभ्यासाचा विषय म्हणून बघतो का. कारण या शास्त्रांत धर्म टाळताच येत नाही. दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्ये आत्महत्येवर लिहिलं तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांचे आकडेच शेजारी ठेवले होते, आणि कारण माणसाच्या मनात न शोधता समाजाने त्याला किती बांधून ठेवलंय यात शोधलं. आमच्या वर्गात हे एका सिस्टरनीच शिकवलं, काही न लपवता, भरपूर वाद घालू दिला. तसंच प्रयागच्या माघ मेळ्यावरचा 2012 चा रिसर्च पेपर लेकीला जरूर वाचायला द्या, भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून केलेला. मेळ्याला गेलेल्या लोकांना आणि न गेलेल्यांना आधी-नंतर प्रश्न विचारले, तर थंडी, गर्दी, आवाज सगळं सोसूनही जाऊन आलेल्यांना जास्त बरं वाटत होतं. आपल्याकडे सिंहस्थ तोंडावर आलाय, रामकुंडाच्या गर्दीकडे या नजरेने बघायला शिकणं म्हणजेच हा विषय, आणि पोरीला यात रस वाटला तर समजा ती योग्य ठिकाणी चाललीये.

आता घरात कुणी बोलत नाही ते. स्टॅटिस्टिक्स! मुलांना वाटतं सायकॉलॉजी म्हणजे मन समजून घ्यायचं, गप्पा मारायच्या, अन् पहिल्याच वर्षी मीन-एसडी (सरासरी, प्रमाण विचलन) बघून घाबरतात. त्यामुळे सुट्टीतच थोडी ओळख करून घेऊ द्या.

दुसरं म्हणजे बीए किंवा नुसतं एमए करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता असलेला कोर्स आणि रजिस्ट्रेशन लागतं. हिशोब तीन वर्षांचा नाही, सात-आठ वर्षांचा धरा, आणि फीचं गणित पण तसंच मांडा. कुणी सांगेल घरी बसून डिस्टन्सने कर, तर 2025 पासून यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद करायला सांगितलेत, त्या नादाला लागू नका.

बंगळुरू लांब वाटत असेल तर क्राइस्टचं लवासाला पण कॅम्पस आहे, मुंबईत झेवियर्सला बीए सायकॉलॉजी होतं, आणि सोशल वर्ककडे ओढा असेल तर निर्मला निकेतन, ते 1955 पासून ख्रिस्ती सिस्टर्सच चालवतात. फॉर्म भरायच्या आधी तिन्ही कॉलेजांचे सिलॅबस शेजारी ठेवा आणि फील्डवर्क किती, ते कुठे करायला लावतात, सोबत सुपरव्हायजर असतो का, एवढं फोन करून विचाराच. लेकीलाच करू द्या तो फोन.