नाइट ड्युटी आहे, सिगारेट सुटणार कशी?

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो: रात्रपाळीत सिगारेट नसेल तर जागायचं कसं? वॉर्डातले एक मामा (वॉर्डबॉय) हेच विचारत आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दिवसाला 14 सिगारेटी, त्यातल्या 9 रात्री. पहिली उठल्यावर दहा मिनिटांत. तीनदा सोडून पाहिली, तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत सुरू.

यात मनाचा दुबळेपणा शोधू नये. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग डोकं जड होतं, चिडचिड होते. झुरका मारला की ते तेवढ्यापुरतं थांबतं आणि वाटतं, सिगारेटीनेच जागं ठेवलं. सोडल्यावर हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आणि मामांनी दर वेळी रात्रपाळीच्या आठवड्यातच सुरुवात केली होती. या वेळी दिवसपाळी लागल्यावर, सुट्टीच्या सकाळी सोडायचं ठरलं.

डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅमची निकोटीन गम, म्हणजे तलफ भागवायला सिगारेटऐवजी थोडं निकोटीन देणारं औषधी च्युइंगम, लिहून दिली. उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागते त्यांना सहसा 2 ची पुरत नाही. चौथ्या दिवशी मामा वैतागून हजर. "मॅडम, उचक्या लागतात, घसा जळतो, तलफ आहे तशीच." टपरीवर चहाचे घोट घेत ते ती साध्या च्युइंगमसारखी भराभर चघळत होते! चहा-कॉफीने तोंडातली आम्लता वाढते, मग निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. लाळेबरोबर पोटात गेलेलं उचकी आणि मळमळ आणतं. चहानंतर 15 मिनिटं थांबायचं. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायची. एक गम साधारण अर्धा तास.

खरी गाठ वेगळीच निघाली. "सिगारेटला गेलो म्हटलं की दहा मिनिटं कुणी हाक मारत नाही. नुसता टेकलो तर लगेच, मामा, ट्रॉली आणा." त्यांच्या संमतीने इन्चार्ज सिस्टरांशी बोलणं झालं. पहाटे 3 वाजता दहा मिनिटं विश्रांती, तेवढा वेळ दुसरे मामा बघतील. खरं तर ही विश्रांती मागावीच लागू नये.

पाचव्या आठवड्यात कॅज्युअल्टीत एक लहान मूल दगावलं. त्या पहाटे मामांनी एक ओढली, पण पाकीट घेतलं नाही. सकाळी स्वतःहून येऊन सांगितलं. गमचं वेळापत्रक तसंच चालू ठेवलं: सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, सातव्यापासून दोन-चार तासांनी.