तिचे पातळ, माझे केस

प्रश्न : माझे यजमान विधुर होते. त्यांची पहिली पत्नी शेतातच वीज पडून गेली. कापूस वेचायला निघताना ते मला तिचेच हिरवे पातळ नेसायला आणि तिच्यासारखाच अंबाडा घालायला लावतात. परवा पुतण्याच्या मोबाइलवर हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पाहिला आणि रात्रभर झोप लागली नाही. हे प्रेम असते का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, १९५८ सालच्या त्या चित्रपटाचा नायक स्कॉटी दुष्ट नाही. त्याला वाचवायला आलेला पोलीस छपरावरून त्याच्या डोळ्यांदेखत पडतो, पुढे जिच्यावर त्याचा जीव जडला ती मॅडेलिनही मनोऱ्यावरून पडून गेली असे तो समजतो, आणि हा भार घेऊन तो मॅडेलिनसारख्या दिसणाऱ्या ज्युडीला तिच्यासारखाच राखाडी पोशाख घालायला लावतो, तिचे केस रंगवून घेतो. सगळे जुळते, फक्त केस मोकळे असतात. तेवढ्यासाठी तो तिला परत आत पाठवतो. अंबाडा घालून ती हिरव्या उजेडात बाहेर येते तेव्हा तो भारावतो, पण ज्युडी त्याला दिसतच नाही. मला तो प्रसंग पाहवत नाही.

यजमानांचे दुःख खरे आहे. परंतु त्यासाठी तुम्ही स्वतःला पुसून टाकायचे, याला मी प्रेम म्हणणार नाही. ते पातळ घडी करून पेटीत ठेवा आणि ‘तिच्याबद्दल मला सांगा, पण मला माझ्यासारखी राहू द्या,’ असे त्यांना शांतपणे म्हणा. त्या दिवसाविषयी ते बोलतच नसतील, झोपेत दचकत असतील, तर दोघेही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलू शकता.